जयंतीचे गोड डोहाळे

रेल्वे कॉलनी, जयपूर
१८ जानेवारी १९८७, रविवार

ताई,

तुला माझा जयभीम. तू तो घेशील की पाकीट न फोडताच चुलीत घालशील, मला माहीत नाही. तरी लिहिते आहे, कारण आज सकाळी जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुझी जयंती मला भेटली. इथे, चांदपोलच्या भाजीबाजारात.

मी गाजरं घ्यायला गेले होते. इकडे हिवाळ्यात गाजरं लालबुंद येतात, मोडून बघितलं तरी गाभ्यापर्यंत लाल. टोपलीपाशी एक मुलगी माझ्याकडे पाठ करून भाव करत होती. "भैया, काल तर कमी होता ना," म्हणाली. काल, कल नाही. मी कान टवकारले. ती वळली तर हनुवटी थेट तुझी. ती "मावशी" म्हणाली आणि हातातली पिशवी तिथेच सोडून माझ्या गळ्यात पडली. गाजरवाला बिचारा आमची गाजरं गोळा करत बसला.

जावईबापूंची, नागनाथरावांची पलटण दिवाळीपासून इथे आहे. बसनं अर्ध्या तासावर त्यांचं क्वार्टर. मी या गावात दोन वर्षं, ती अडीच महिने, आणि एकमेकींना पत्ता नाही. तू नि मी बोलत असतो तर हे झालं असतं का?

आणि ताई, तिला दिवस आहेत, चौथा सरून पाचवा लागलाय. तुला कळलंच असेल, पण मला आजच कळलं, म्हणून मला ते आजचंच वाटतं.

मी तिला तशीच घरी आणली. दोन किलो गाजरं किसली, तिनं वेलदोडे सोलले. दूध आटेपर्यंत ती स्वयंपाकघरात पाटावर बसून बडबडत होती. हलवा अजून कढईत रटरटत होता तेव्हाच चमचा घेऊन उभी राहिली. जीभ पोळली तरी थांबली नाही. आमचे शामराव मालगाडी घेऊन फुलेऱ्याला गेलेत, ते परत येईपर्यंत त्यांच्या वाटणीचं वाटीभर उरलं तरी पुष्कळ.

तुला एक सांगते. जयंतीच्या साखरपुड्यानंतर मी कधी दूध आटवलं नव्हतं. आज पहिल्यांदा. त्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नव्हते, पण आलंच आहे तर लिहिते. खीर बिघडली, जयंतीच्या सासूबाईंना सगळ्या पाहुण्यांसमोर उलटी झाली, मग तू मला बोललीस, मी तुला बोलले. कल्हई जाऊन पातेलं कळकलं होतं, त्याला कोण काय करणार? चार वर्षं झाली. आता जाऊ दे ना.

पोरगी फिकट दिसत नाही, तब्येत चांगली आहे. काळजी करू नकोस.

तुझी आनंदी


२२ फेब्रुवारी १९८७

ताई,

तुझं उत्तर नाही. नसू दे. माझ्याजवळ बातम्या इतक्या आहेत की मी वाट बघत बसले तर त्या शिळ्या होतील.

जयंती दर रविवारी येते. तिला डोहाळे फक्त गोडाचे. चिंच नको, कैरी नको, लोणचं समोर धरलं तर तोंड फिरवते. पहिल्या रविवारी तिला रव्याची खीर हवी होती, पुढच्या रविवारी खव्याच्या पोळ्या. मागच्या वेळी ब्रेडचे तुकडे तुपात तळून दुधात भिजवले, वर साय घातली. तिनं ते खाऊन बशी चाटली, मग मला बघून लाजली. शामराव म्हणतात, आपल्या घरात आता साखर मुंग्यांनासुद्धा उरत नाही.

पण खरी बातमी पुडिंगची आहे.

आमच्या शेजारी मधुमतीजी राहतात. त्यांचे मिस्टर माथुरसाहेब रेल्वेच्या ऑफिसात मोठे बाबू आहेत. बाई पन्नाशीच्या, तोंडात सुपारी, आणि कॉलनीत पुडिंग करावं तर त्यांनीच. जयंतीनं त्यांच्याकडे एकदा खाल्लं आणि घरी येऊन माझ्याकडे बघत बसली. मी काय समजायचं ते समजले. दुसऱ्या दिवशी वही घेऊन त्यांच्या दारात गेले.

करायचं असं. कडीच्या डब्यात साखर घालून ती आचेवर जाळायची, चहाचा रंग आला की डबा फडक्यात धरून गोल फिरवायचा, म्हणजे ती साखर तळाला सगळीकडे बसते. मग त्यात दूध, अंडी, साखर आणि किंचित जायफळ फेटून ओतायचं. डब्याला झाकण लावून शिटी काढलेल्या कुकरमध्ये वाफवायचं. ऐकायला सोपं. पहिल्यांदा माझी साखर कोळसा झाली. दुसऱ्यांदा अंडी कमी पडली आणि पुडिंग चमच्यानं प्यावं लागलं. तिसऱ्यांदा मधुमतीजी स्वतः येऊन माझ्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या. गार झाल्यावर डब्यावर ताटली ठेवली, आता उलटायचं. मी डबा दोनदा धरला आणि दोनदा सोडला. त्या म्हणाल्या, "बहनजी, उलटते वक्त डरना नहीं. डरोगी तो टूटेगा."

मी डोळे मिटले आणि उलटलं. डबा उचलला. ताई, ते अख्खं उभं होतं. वरून तपकिरी, चकचकीत, कडेनं जळक्या साखरेचा पाक ओघळतोय, आणि ताटली हलली की ते सगळं थरथरतंय. जयंतीनं टाळ्या वाजवल्या. शामराव तेवढ्यात ड्यूटीवरून आले, गार्डाच्या कपड्यांतच, हातातला कंदीलसुद्धा खाली न ठेवता त्यांनी पहिला तुकडा खाल्ला आणि ताटली पुढे केली. दुसरा मागितला.

आमच्या घरात आम्ही दोघंच. इतकी वर्षं एक वाटी डाळ नि चार पोळ्या करून ओटा पुसला की माझा दिवस संपायचा. आता मी सोमवारपासून रविवारचा विचार करते.

एक विचारायचं आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, मग तू तिला न्यायला कधी येणार? मी तिला विचारलं की ती विषय बदलते.

तुझी आनंदी


२० मार्च १९८७

ताई,

हे पत्र दाजींना किंवा तुझ्या सासूबाईंना वाचायला देऊ नकोस. आधी तू एकटी वाच, मग हवं तर गावभर दाखव.

होळीला जयंती आली होती. मी मालपुवे केले होते. ती पाकातला तिसरा मालपुवा खात होती तेव्हा मी पुन्हा विचारलं, माहेरी कधी जाणार. या वेळी तिनं सांगितलं. तिच्या सासूबाई यमुनाबाई तिला भुसावळला पाठवणार नाहीत. म्हणतात, ज्या घरात पाहुण्याला कल्हई नसलेल्या पातेल्यातलं वाढतात, त्या घरी माझी सून बाळंतपणाला जायची नाही. आणि तुला इकडे बोलवायचं तर तू येणार नाहीस, कारण लग्नातसुद्धा यमुनाबाईंनी तुला त्यावरून चारचौघांत ऐकवलं. मी लग्नाला नव्हते. रजा मिळाली नाही असं कळवलं होतं. तेही खोटं होतं, शामरावांना रजा मिळाली होती.

जयंती म्हणाली, "आईचा निष्काळजीपणा मला अजून भोगावा लागतो, मावशी." तिनं ते रागानं नाही म्हटलं. सहज, पाक लागलेली बोटं पुसत म्हटलं.

ताई, पातेलं कळकलं नव्हतं.

त्या दिवशी दूधवाल्यानं दूध कमी घातलं होतं. तू मला विचारलंस, पुरेल ना, आणि मी ऐटीत म्हणाले, तू बाहेरचं बघ, खीर माझ्यावर सोड. खीर फार घट्ट झाली. पाहुणे मांडवात बसले होते. आदल्या संध्याकाळचं दूध कोपऱ्यात झाकून ठेवलेलं होतं. मे महिना, भुसावळचं ऊन. मी झाकण काढलं तेव्हा मला वास आला. थोडासाच, पण आला. मी ते तापवलं नाही, तसंच वरून ओतलं, खीर सैल केली आणि वेलदोडा जास्त घातला. मी चाखलीसुद्धा नाही. चाखली असती तर वाढता आली नसती.

मग यमुनाबाईंना उलटी झाली आणि तू सगळ्यांसमोर मला विचारलंस, "आनंदे, कालचं दूध घातलंस का?" मी म्हणाले, "मी कशाला घालू, तुझं पातेलंच कळकलंय." तू माझ्याकडे बघत राहिलीस. मी तुझ्याकडे बघू शकले नाही, म्हणून मोठ्यानं भांडले आणि न जेवता निघून आले. लोकांना वाटलं, माझा अपमान झाला.

पहिल्या पत्रातही मी तेच लिहिलं, पातेलं कळकलं होतं म्हणून. चार वर्षं बोलून बोलून ते हाताला इतकं सवयीचं झालंय.

माफी मागते असं लिहिलं तर ते फार स्वस्त होईल. यमुनाबाई एप्रिलमध्ये इकडे येणार आहेत. जयंतीचं डोहाळजेवण मी माझ्या घरी करणार आहे. काय करायचं ते मला कळलं आहे.

आनंदी


१३ एप्रिल १९८७, सोमवार

ताई,

घाईत लिहिते आहे, शेजारी दोघीजणी बसल्या आहेत, त्या कोण ते पुढे कळेल. काल डोहाळजेवण झालं.

शनिवारपासून माझे पाय जमिनीवर नव्हते. मुगाच्या डाळीचा हलवा मधुमतीजींनी केला, त्यांच्या हाताला जे तूप सुटतं ते माझ्या हाताला सुटत नाही. श्रीखंड मी घोटलं. पुडिंगं दोन, दोन्ही अख्खी उतरली. आणि तांदळाची खीर. दूध सकाळी माझ्यासमोर काढून आणलेलं, मी ते तीनदा चाखलं. जयंतीनं हिरवी बगरूची छापील साडी नेसली होती, पोट आता छान दिसतं. कॉलनीतल्या चार जणी होत्या. हसणं इतकं चाललं होतं की माथुरसाहेब भिंतीपलीकडून खोकले.

यमुनाबाई मलकापूरहून परवाच आल्या. उंच बाई, मोजकं बोलणं. पानात सगळं वाढलं आणि मी खिरीची वाटी ठेवायला वाकले, तेव्हा त्यांनी पानावर हात आडवा धरला. म्हणाल्या, "खीर नको. विहिणीच्या दारात खाल्ली ती जन्माला पुरली."

जयंतीची मान खाली. मी वाटी हातातच धरून म्हणाले, "ती खीर द्वारकाताईनं केली नव्हती. मी केली होती. पातेलं चांगलं होतं. त्यात कालचं दूध मी ओतलं, मला वास आला होता तरी ओतलं, आणि नंतर पातेल्याचं खोटं मी बोलले. ताईनं चार वर्षं ऐकून घेतलं ते माझं होतं."

मधुमतीजींना मराठी येत नाही. त्या दोनदा "क्या हुआ, क्या हुआ" म्हणाल्या, त्यांना कुणी सांगितलं नाही. यमुनाबाईंनी हात पानावरून काढला पण जेवल्या नाहीत. आणि जयंती उठून आत गेली. मी मागे गेले. तिनं माझ्याकडे पाठ केली होती. म्हणाली, "मावशी, चार वर्षं मी आईकडे त्या नजरेनं बघितलंय." त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. दोघी न जेवता क्वार्टरवर गेल्या. मी एवढा स्वयंपाक कॉलनीत वाटला. पहिल्यांदा असं झालं की गोड वाटताना मला कुणाच्या तोंडाकडे बघवेना.

रात्र कशी गेली ते लिहीत नाही. आज सकाळी दहाला कडी वाजली. दारात यमुनाबाई, मागे जयंती. यमुनाबाई आत येऊन खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "खोटं तुम्ही बोललात. पण खातरजमा न करता चार वर्षं त्या बाईला टाकून बोलले ती मी. पोरीचं माहेर मी तोडलं. ते तुमच्यावर कसं ढकलू?"

मग त्यांनी मला कागद घ्यायला सांगितलं. त्यांना लिहिता येत नाही. त्या सांगतात तसं, एकही अक्षर न बदलता लिहिते:

"विहीणबाईंना यमुनाचा जयभीम. मी चुकले. आता डॉक्टर म्हणतात, सुनेनं गाडीचा प्रवास करू नये, नाहीतर मी स्वतः तिला तुमच्या दारात आणून सोडली असती. तुम्हीच इकडे या. बाळंतपण तुमच्या हातानं व्हावं. मी मानानं बोलावते आहे. आला नाहीत तर मी तुमच्याकडे येईन, माझे गुडघे दुखतात याचा विचार करा."

हे लिहून झालं आणि त्यांनी विचारलं, खीर उरली आहे का. वाटीभर खीर आणि अर्धं पुडिंग मधुमतीजींच्या फ्रिजमध्ये होतं. मी म्हणाले, "आहे, पण कालची आहे."

"मग आधी तुम्ही चाखा," त्या म्हणाल्या.

जयंतीला हसू फुटलं. ताई, कालपासून पहिल्यांदा ती माझ्याकडे बघून हसली. मी चाखली, मग त्यांना दिली. त्या आता खात आहेत. जयंतीनं अर्धं पुडिंग कधीच संपवलं.

ये ना ताई. खांडव्याला गाडी बदल, तिथून छोट्या रुळांची गाडी थेट जयपूरला येते. शामराव म्हणतात, गार्डाला सांगून ठेवतो, बसायला नीट जागा मिळेल.

तुझी आनंदी


८ मे १९८७

ताई,

तुझं कार्ड आज आलं. तीन ओळी. इतक्या वेळा वाचल्या की पाठ झाल्या: "कल्हईवाला साखरपुड्याच्या चार दिवस आधीच दारात बसवला होता. तू कधी बोलतेस त्याची वाट बघत होते. पंचवीसला निघते."

म्हणजे तुला त्याच दिवशी माहीत होतं. सगळ्यांसमोर म्हणाली असतीस तर माझं तोंड तिथेच बंद झालं असतं. तू म्हणाली नाहीस. सासूचं ऐकलंस, विहिणीचं ऐकलंस, पोटच्या पोरीनं तसं बघितलं तेही सोसलंस, पण धाकट्या बहिणीचं नाव घेतलं नाहीस. हे मला आधी कळलं असतं तर मी चार वर्षं थांबले नसते, असं लिहिणार होते. पण ते खरं आहे का, मला माहीत नाही. तुला पुन्हा खोटं लिहायचं नाही.

मी कार्ड घेऊन मधुमतीजींकडे पळत गेले, त्यांना सगळं हिंदीत समजावलं. त्यांनी मला जवळ घेतलं आणि दोघी रडलो, मग त्यांनी विचारलं, दीदीला गोडात काय आवडतं. ताई, मला सांगता आलं नाही. तू नेहमी सगळ्यांना वाढून शेवटी पातेल्यात उरेल ते खायचीस. आल्यावर सांग. जे म्हणशील ते करीन.

मी स्टेशनवर येते.

तुझी आनंदी


९ जून १९८७, सकाळ
(डब्याबरोबर मिलिटरी हॉस्पिटलमध्ये)

ताई,

नागनाथरावांच्या हाती डबा देते आहे. सगळ्यात वरच्या पुडात जयंतीसाठी डिंकाचे लाडू, एकच दे, ती चार मागेल. मधल्या पुडात यमुनाबाईंची पेज, रात्रभर बाकावर बसून त्यांची कंबर धरली असेल. खालच्या पुडात तुझी पोळीभाजी. तू जेव. नातीकडे बघत बसलीस तर ती काही पळून जाणार नाही.

मुलगी झाली हे कळल्यापासून मी कॉलनीत पेढे वाटते आहे. मावा रात्रीच भाजून ठेवला होता. माथुरसाहेबांनी दोन घेतले आणि मधुमतीजींनी तिसरा त्यांच्या हातातून काढून घेतला. शामराव पहाटे गाडीवर गेले तर पुडा बरोबर नेला, म्हणजे आता अजमेरपर्यंतच्या सगळ्या केबिनवाल्यांना बातमी कळेल. मी भाजीवाल्याला, पोस्टमनला, रस्त्यावरून जाणाऱ्या एका अनोळखी बाईलाही दिला. तिनं कशाचा म्हणून विचारलं तर मी "आमच्याकडे मुलगी झाली" म्हणाले. आमच्याकडे.

आता दुसरं. तू येऊन दोन आठवडे झाले. स्टेशनवर मला जवळ घेतलंस, माझ्या घरात राहिलीस, माझ्या हातचं खाल्लंस, सगळं छान बोललीस. पण त्या दिवसाबद्दल मला एका शब्दानं बोलली नाहीस. मी भांडी घासते तेव्हा तू दारात उभी असतेस, काही बोलणार असं वाटतं, आणि तू जयंतीचं काहीतरी विचारतेस. मला ते सहन होत नाही. आज संध्याकाळी शामराव गाडीवर आहेत, यमुनाबाई तिकडे जयंतीजवळ थांबतील, घरात आपण दोघीच. आज मला रागव. चार वर्षांचं जे काय आहे ते बोल. मी मध्ये तोंड उघडणार नाही. पुडिंग लावून ठेवते. बोलून झालं की दोघी खाऊ.

आनंदी


(त्याच चिठ्ठीच्या मागे, पेन्सिलीनं)

आनंदे,

डबा पोचला. जयंतीनं दोन लाडू खाल्ले, मी बघितलं नाही असं केलं. बाळ झोपलंय. मी जेवले.

सातला येते. पुडिंग मोठ्या डब्यात लाव. मला पुष्कळ रागवायचं आहे.

ताई